डॉल्फिन मासा नाही, एवढंच शिकवायचं होतं

वर्गात शिरलं की मी आधी फळ्यावर डॉल्फिन काढायचे. माझी चित्रकला म्हणजे आनंदीआनंद, त्यामुळे तो कधी वांग्यासारखा दिसायचा, कधी भुईमुगाच्या शेंगेसारखा. खडू खाली ठेवून मी विचारायचे, "हा कोण?" अख्खा वर्ग एका सुरात ओरडायचा, "मासा!" आणि मला आतून गुदगुल्या व्हायच्या. दरवर्षी नवी तुकडी आणि दरवर्षी तीच चूक.

कोल्हापुरातल्या मुलींच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लागले, ते दोन हजार साल उलटून गेल्यावरही तिथंच होते. माझं डोकं लवकर तापतं हे शिपायापासून मुख्याध्यापिकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. पोरी मला मागून 'तवा' म्हणायच्या. मला ते कळायचं आणि कळलं नाही असं मी दाखवायचे. पण प्राण्यांच्या वर्गीकरणाचा धडा आला की हा तवा जरा निवायचा.

"दिसण्यावर जाऊ नका गं," मी म्हणायचे. "पाण्यात राहतो म्हणून मासा? मग पंचगंगेत डुंबणारी म्हैसबी मासाच म्हणा की!" पोरी खिदळायच्या. मग मी एकेक सांगत जायचे. माशाला कल्ले असतात, तो पाण्यातलीच हवा घेतो. डॉल्फिनला कल्ले नाहीत, फुप्फुसं आहेत, नाकपुडी डोक्यावर. श्वासासाठी त्याला वर यावंच लागतं. मासा शेपूट आडवी हलवतो, डावीकडे उजवीकडे; डॉल्फिन वरखाली हलवतो, कारण त्याच्या पाठीचा कणा धावणाऱ्या जनावरासारखा वाकतो. त्याचं रक्त गरम. अंडी घालत नाही, पोटात पिल्लू वाढवतो. आणि शेवटची गोष्ट, मादी पिल्लाला अंगावर पाजते. इथं आल्यावर मागच्या बाकावर हमखास खुसखुस व्हायची. "हसायला काय झालं? तुम्ही काय अंड्यातनं आलाय?" असं म्हटलं की वर्ग चिडीचूप.

एका वर्षी सहल मालवणला नेली होती. फोंडा घाट उतरताना निम्म्या पोरी ओकल्या, पण होडीत बसल्यावर सगळ्यांना तरतरी आली. लांबवर पाण्यातून काळ्या पाठी वर आल्या, फुस्स आवाज झाला, आणि मी ज्यांना महिनाभर घोकून घेतलं होतं त्याच माझ्या हुशार पोरी किंचाळल्या, "बाई, मासा! मोठ्ठा मासा!" कप्पाळ माझं. होडीवाला हसला. मी मात्र ते फुस्स ऐकत बसले. शिकवताना मी ते नुसतंच म्हणत होते, कानांनी पहिल्यांदाच ऐकलं. तो श्वास होता, आपल्यासारखाच.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझी मुलगी जन्मली आणि गेली.

लग्न होऊन मी आले ते घर गावाच्या कडेला, नदीच्या अंगाला. शेती थोडी, म्हशी जास्त. संध्याकाळी आमच्या म्हशी दूधकट्ट्यावर जायच्या आणि लोक हातात पेला घेऊन समोर काढलेलं दूध प्यायला उभे राहायचे. आमचे हे वारणानगरला नोकरीला, आठवड्यातून एकदा घरी. घर आणि गोठा दोन्ही चालायचं ते सासूबाईंच्या तोंडावर. आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. आत्तींचा आवाज असा की त्यांनी घरामागच्या परड्यातून हाक मारली तर पलीकडच्या गल्लीतली पोरं अभ्यासाला बसायची.

ह्या घरात एक रीत होती. बाळाची पाचवी पुजल्याशिवाय घरातल्या थोरल्या बाईनं त्याचं तोंड बघायचं नाही. बघितलं तर दृष्ट लागते. आत्तींच्या सासूनं पाळलं, आत्तींनी पाळलं. मी विज्ञानाची बाई, मनातल्या मनात हसले होते. म्हटलं, पाळू देत बापड्या, कुणाचं काय जातंय.

बाळंतपण माहेरी, आजऱ्याला करायचं ठरलं होतं. पण आठव्या महिन्यातच, मे महिन्याच्या ऐन उन्हात पोटात कळा सुरू झाल्या आणि इथल्याच दवाखान्यात न्यावं लागलं. माझी आई आजऱ्याहून मिळेल त्या गाडीनं आली. पोरगी झाली. तिला काचेच्या पेटीत ठेवली. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं पुरती तयार झालेली नाहीत. मी काचेला तोंड लावून बसायचे. तिची छाती खालीवर व्हायची, इतक्या भराभर की मला बघवायचं नाही आणि नजरही काढवायची नाही. आत्ती घरी पाचवीची तयारी करत होत्या. पाचवीच्या आधीच पोरगी गेली.

पुरुष मंडळी तिला पुरायला मीठ घेऊन नदीकडं गेली, एवढंच मला कळलं. मला नेलं नाही. कुठं ठेवली ते कुणी सांगितलं नाही, आणि पुढंही कधी सांगितलं नाही.

घरी आल्यावर आत्ती एवढंच म्हणाल्या, "झालं ते झालं. आता तिचा विषय काढायचा न्हाय. विषय काढला की पुढच्या लेकराला घोर लागतोय." आणि खरोखर कुणी काढला नाही. आमच्या ह्यांनीसुद्धा नाही. रविवारी यायचे, माझ्याकडं बघायचे आणि म्हशींना पाणी दाखवायला जायचे. शेजारची एक बाई मात्र बोलली. "पयल्या खेपंला हुतंय असं. आन् पोरगीच हुती की." तिच्या हातातली चहाची कपबशी हिसकावून घ्यावी असं वाटलं मला. घेतली नाही. आजही वाटतं, घ्यायला पाहिजे होती.

मला काय हवं होतं? फार काही नाही. कुणीतरी एकदा म्हणावं की ही झाली होती. ही ह्या घरातली होती. तेवढं कुणी म्हणेना, आणि ते कुणी म्हणेपर्यंत मी तरी कोण होते? बाळंतीण म्हणावं तर पाळणा नाही. नुसतीच बाई म्हणावं तर पोटावरची कातडी अजून ढिली.

आणि दूध आलं. दुधाला कोण सांगणार की बाई, घरात कुणी नाही, परत जा? छाती दगड झाली. चोळी भिजायची. मी मोरीत जाऊन पिळून टाकायचे आणि वर तांब्याभर पाणी ओतायचे. आत्तींनी परड्यातल्या मोगऱ्याची फुलं तोडून फडक्यात गुंडाळली आणि माझ्या छातीला घट्ट आवळून बांधली. मोगऱ्यानं दूध आटतं म्हणे. माझं कमी झालं, पुरतं आटलं नाही. घरभर लग्नघरासारखा वास सुटला. तेव्हापासून मोगरा मला सोसत नाही.

त्याच सुमाराला गोठ्यातल्या एका म्हशीचं रेडकू दगावलं. म्हैस धार देईना. चारा तोंडात धरून नुसती उभी राहायची आणि मध्येच असं हंबरायची की काळजाचं पाणी व्हावं. आत्तींनी रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून घेतला, काठ्यांचे पाय केले, आणि धारेच्या वेळेला ते तिच्या तोंडापुढं उभं करायला लागल्या. म्हैस त्याला चाटायची. चाटता चाटता पान्हा सोडायची. आत्ती तिच्या पाठीवरून हात फिरवत गड्याला दटावायच्या, "दमानं घे. तिचं लेकरू गेलंय. तिला वराडू नगंस." मी दारात उभी राहून ऐकायचे. म्हशीचं लेकरू गेलंय हे गोठ्यात उघड बोललं जायचं. मला त्या म्हशीचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

जूनमध्ये माझी नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला मुलगी झाली, छान, टपोरी. पाचवीला घर बायकांनी भरलं. मी हळदीकुंकवाचं ताट घेऊन बाहेर निघाले तशी आत्तींनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. आवाज चढवला नाही, हेच वाईट. "लेकुरवाळ्या बायका येणार हायत. तू जरा परड्याकडं जा." मी गेले. गोठ्यात, त्या पेंढ्याच्या रेडकाशेजारी उकिडवी बसले आणि पदर तोंडात कोंबून रडले. आतून पाळण्याची गाणी ऐकू येत होती.

शाळा सुरू झाल्यावर मला बरंच वाटलं. घरापेक्षा वर्ग परवडला. त्या वर्षी वर्गीकरणाचा धडा लवकरच आला. मी नेहमीसारखा डॉल्फिन काढला, नेहमीसारखं विचारलं, पोरी नेहमीसारख्या ओरडल्या. कल्ले, फुप्फुसं, शेपूट, सगळं सरळ चाललं होतं. तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक पोरगी उभी राहिली. आमच्याकडच्या पोरी 'मी विचारते' म्हणत नाहीत, 'मी विचारतो' म्हणतात. ती म्हणाली, "बाई, मी एक विचारतो. पिल्लू पाण्यात जन्मतंय. मग त्ये पयला श्वास कसा घेतंय?"

चांगला प्रश्न होता. एरवी मी तिची पाठ थोपटली असती. "आई त्याला खालून ढकलते," मी म्हणाले. "वर, पाण्याच्या बाहेर आणते."

"आन् तरी न्हाय घेतला तर?"

"माशाला ही भीती नाही," मी म्हणाले. प्रश्न टाळत होते, दुसरं काय. "मासा पाण्यात बुडून मरत नाही. ज्याला फुप्फुसं असतात, त्यालाच श्वास कमी पडतो."

"मग आई काय करती?"

"उचलत राहते." हे मी कुठंतरी वाचलेलं होतं. पुढं दोन हजारनंतर टीव्हीवर बघितलंसुद्धा. मेलेलं पिल्लू तोंडावर घेऊन पोहत राहिलेली मादी. मी टीव्ही बंद केला होता. पण त्या दिवशी वर्गात मी ते मोठ्यानं म्हणाले, "गेलं तरी सोडत नाही. वर उचलत राहते. म्हणून ती मासा नव्हे, ती..." आणि मला जाणवलं, छाती भरून आली आहे. पदराखाली ओल पसरत होती. मी फळ्याकडं तोंड केलं आणि डॉल्फिन पुसायला लागले. पुसून झाला तरी पुसतच राहिले. त्या दिवशी एकही पोरगी हसली नाही. बायकांच्या जातीला काही गोष्टी फार लवकर कळतात.

घरी आले तर नणंदेची पोरगी टाहो फोडत होती. नणंदेच्या छातीत गाठ होऊन ताप भरला होता, औषधं चालू होती आणि अंगावर पाजायचं डॉक्टरांनी थांबवलं होतं. आत्ती वाटीत म्हशीचं दूध पाणी घालून पाजत होत्या. पोरगी अर्धं ओकत होती. मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"आत्ती, द्या इकडं. मी पाजते."

 नणंदेनं माझ्याकडं बघितलं आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. आत्तींनी पोरीला छातीशी घट्ट धरलं, जणू मी हिसकावून घेणार होते.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "गेलेल्याचं दूध जित्याला चालत न्हाय."

"दूध दूधच असतं, आत्ती. म्हशीचं चालतं आणि माझं चालत नाही?"

"त्वांड वाजवू नगंस. शाळंतलं शाळंत ठेव."

एवढी शिकलेली मी, वर्गात तासभर दुधावरून आईची जात ठरवून आलेली, आणि घरात मात्र मी तडक परड्याकडं गेले. त्या दिवशी मी स्वतःच्या हातानं मोगरा तोडला आणि स्वतःच बांधला. असा आवळला की श्वास घेताना बरगड्या दुखाव्यात. म्हटलं, नको ना कुणाला? मग आटूदे एकदाचं. रागानं जे होतं ते नीट कधी होत नाही, पण हे नीट झालं. काही दिवसांत छाती मऊ पडली. मग रिकामी झाली. मला वाटलं होतं सुटले म्हणून बरं वाटेल. तसं काही झालं नाही. तिची म्हणून उरलेली एकच खूण होती, तीही मीच घालवली.

पुढं पावसाची झड लागली आणि नणंदेच्या पोरीला जुलाब सुरू झाले. दवाखान्यात सलाईन लावलं. पुढं ती धडधाकट झाली, हे आत्ताच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. पण दवाखान्यातून घरी आणली तेव्हा ती चिपाड झाली होती. नणंदेचं दूध तापातच आटलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, वरचं दूध बंद, आईचं नसेल तर दुसऱ्या कुणा बाईचं मिळतंय का बघा.

त्या दुपारी मी खोलीत पेपर तपासत बसले होते. आत्ती दारात आल्या. पोरगी कुंचीत गुंडाळलेली. आत्तींचं लुगडं पावसानं भिजलेलं, केस कपाळाला चिकटलेले. त्या आत आल्या, माझ्यापुढचे पेपर एका हातानं बाजूला सारले आणि पोरीला माझ्या मांडीवर ठेवलं.

"पाज," त्या म्हणाल्या.

मला बोलायला पुष्कळ होतं. महिनाभर मनात साठवलेलं, धार लावून ठेवलेलं. ते तसंच राहू दिलं. मी पोरीला पदराखाली घेतलं. तिनं तोंड लावलं, ओढलं, जोर करून ओढलं. मला टाचेपासून कळ गेली. आलं काहीच नाही. तिनं तोंड सोडलं, केविलवाणं रडली, परत लावलं.

"थांब, यील," आत्ती म्हणाल्या. "येळ लागतोय जरा." त्या माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी मला असा हात लावला नव्हता.

"आटलं, आत्ती," मी म्हणाले. "सगळं आटलं."

त्यांचा हात थांबला. पण पोरगी ओढत राहिली, आणि मग दमून, पोटात काही न जाता, तशीच तोंड लावून झोपून गेली. मी तिला काढली नाही. आत्तींनीही उचलून नेली नाही. त्या समोर जमिनीवर बसल्या आणि माझ्या मांडीवरच्या पोरीकडं बराच वेळ बघत राहिल्या. पत्र्यावर पाऊस चालू होता.

मग त्यांनी विचारलं, अगदी हळू, त्यांचा आवाज इतका खाली जातो हे मला ठाऊकच नव्हतं, "कशी हुती गं आपली?"

मला आधी कळेचना त्या कुणाबद्दल विचारतायत. कळलं. मग मी सांगायला लागले. जावळ काळंभोर होतं, मानेवर उतरलेलं. बोटं लांब. नखं आलेली. मुठी मिटलेल्या, उघडायला गेलं तर माझं बोट धरून ठेवायची.

"रडायची?"

"न्हाय. आवाज न्हवता तिला."

"आन् नाक? नाक कसं हुतं?"

"नाक बघायला मिळालं न्हाय, आत्ती. नळी हुती. वर पट्टी चिकटवलेली."

आत्तींनी डोळ्यांना पदर लावला, तो बराच वेळ खाली घेतला नाही. मग पुढं सरकून त्यांनी झोपलेल्या पोरीच्या नाकावरून बोट फिरवलं.

"आपल्या घरात समद्यांची नाकं बसकी," त्या म्हणाल्या. "माझं, माझ्या पोरांचं, हिचं. तिचंबी बसकंच असणार."